फुरसतीच्या वेळीं वाचावयाच्या लढायांच्या कादंबऱ्या

(भोकरदन तालुक्यांतील एका गांवीं वाचनालयाच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींपुढें आम्हीं जें भाषण केलें, तें वाचकांच्या आग्रहावरून येथें देत आहों.)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. कपाशीचा भाव, मोसंबीची फळगळ, सोयाबीनवरचा रोग, सोसायटीचें कर्ज हे विषय सोडून हा मनुष्य कादंबऱ्यांवर काय बोलणार, असें मनांत येणें साहजिक आहे. आमचे एक वडीलधारे स्नेही येतांना वाटेंतच म्हणाले, "दादा, ज्याचें पोट भरलें त्यानें गोष्टी वाचाव्या. आपल्याला कशाला त्या?" त्यांस आम्हीं वाटेंत उत्तर दिलें नाहीं. तें येथें चौघांत देतों.

शेतकऱ्याला फुरसत नसते हें अर्धेंच खरें आहे. पेरणी आटोपून झड लागली म्हणजे चार दिवस घरांत बसावें लागतें. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर राखण बसते. रात्रीची वीज येईल तेव्हां पाणी द्यावयाचें, म्हणून विहिरीपाशीं जागत बसावें लागतें. सुगी सरली म्हणजे सुतार-लोहारांचें काम ढिलें पडतें, लग्नसराई सरली म्हणजे शिंप्याचें. फुरसत आहे, पण ती तुकड्यातुकड्यांनीं येते. पूर्वीं ती पारावरच्या चकाट्यांत आणि पत्त्यांत जात असे, आतां ती हातांतल्या मोबाईलांत जाते. तासभर बोटानें चित्रें वर सरकवून मनुष्य उठतो, तेव्हां त्याला काय पाहिलें तेंही आठवत नाहीं. दिवसभर राबलेल्या मनाला विसावा पाहिजे, आणि विसाव्याबरोबर कांहीं गांठीलाही पडलें पाहिजे. चांगली कादंबरी हीं दोन्ही कामें करते. आणि लढाईची कादंबरी आमच्या लोकांना विशेष आवडते हा आमचा अनुभव आहे. पोवाडा ऐकून ज्यांच्या पूर्वजांच्या अंगावर कांटा उभा राहिला, त्यांना ती आवडावी यांत नवल नाहीं.

आम्ही लोहाराच्या घरचे. आमच्या लहानपणीं शाळेंत पुस्तकांचें एक कपाट होतें. त्याला कांचा होत्या आणि कुलूपही होतें. मुलांचे हात लागून पुस्तकें मळतील म्हणून तें उघडीत नसत. आम्ही कांचेंतून नुसतीं नांवें वाचीत असूं. शेवटीं पहिली कादंबरी हातीं लागली ती आठवड्याच्या बाजारांत, रद्दीच्या ढिगांत. पुठ्ठा गेलेला, पहिलीं पानें गेलेलीं. ती हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' होती. संध्याकाळीं वडील भट्टीपाशीं काम करीत आणि आम्ही एका हातानें भाता ओढीत, दुसऱ्या हातांत पुस्तक धरून मोठ्यानें वाचीत असूं. फाळ पाजवून घ्यायला आलेले लोक काम झालें तरी उठत नसत. मावळे कडा चढूं लागले तेव्हां वडिलांचा हातोडा थांबला आणि लोखंड निवून गेलें. गोष्ट संपल्यावर वडिलांनीं एकच प्रश्न केला : "एवढ्या तलवारी चालल्या, पण त्या घडविल्या कोणीं, तें कोठें लिहिलें आहे काय?" आम्हीं पानें चाळून पाहिलीं. लिहिलेलें नव्हतें. वडील म्हणाले, "बरें, दुसरें पुस्तक मिळालें तर आण."

तो प्रश्न आम्हीं तेव्हांपासून जवळ बाळगला आहे. आज ज्या कादंबऱ्या तुम्हांस वाचावयास सांगणार आहों, त्याही तो प्रश्न जवळ ठेवूनच वाचा. त्यानें गोडी कमी होत नाहीं, उलट वाढते.

आतां पुस्तकांकडे वळूं. हा प्रकार आपल्याकडे फार जुना नाहीं. विलायतेंत वॉल्टर स्कॉट यानें १८१४ सालीं 'वेव्हर्ली' लिहिली, तेव्हांपासून जुन्या लढाया, गड, घोडेस्वार यांच्यावर कादंबरी रचण्याची चाल सर्वत्र पसरली. मराठींत या जातीची पहिली कादंबरी रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड', ती १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. त्याआधींच निजामाच्या फौजेंत नोकरीस असलेल्या मेडोज टेलर नांवाच्या इंग्रज अंमलदारानें टिपूवर १८४० सालीं आणि अफझलखानाच्या प्रसंगावर 'तारा' या नांवानें १८६३ सालीं इंग्रजींत कादंबऱ्या लिहिल्या होत्या. टिपूवरची कादंबरी आपट्यांनीं 'म्हैसूरचा वाघ' म्हणून मराठींत आणली. म्हणजे आपल्या मुलखाची गोष्ट आधीं परक्यानें सांगितली आणि मग आपण ती सांगूं लागलों. हें ध्यानांत ठेवा, पुढें पुन्हां कामास येईल.

ज्यानें आजवर एकही कादंबरी वाचली नाहीं त्यानें 'गड आला पण सिंह गेला' हिच्यापासून आरंभ करावा. ती आटोपशीर आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसऱ्यांनीं कोंडाणा घेतला व ते तेथेंच पडले, हा तिचा विषय. पण तिच्यांत उदेभानूनें पळवून आणलेली रजपूत स्त्री कमलकुमारी हिची जी कथा गुंफली आहे, ती लेखकाची रचना समजावी. घोरपडीचेंही तसेंच. घोरपड पोवाड्यांतून आली. राजाराममहाराजांच्या काळीं जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत निवडक मावळे कडा चढून वर गेले एवढेंच आहे. आम्हांस विचाराल तर घोरपडीपेक्षां हेंच मोठें वाटतें. जनावराच्या कमरेला दोर बांधून चढण्यापेक्षां माणसानें काळोखांत हातापायांच्या बोटांनीं कडा चढणें अधिक धाडसाचें आहे, आणि तें करणारे शेतावरून आलेले लोक होते.

त्यानंतर आपट्यांचीच 'उषःकाल' घ्यावी. ती मोठी आहे, पण तिला भिऊं नका. आपटे 'करमणूक' नांवाचें साप्ताहिक काढीत असत आणि त्यांतून १८९५ पासून ती आठवड्याआठवड्यानें छापली गेली. म्हणून तिचीं प्रकरणें अशीं आहेत कीं एक संपलें म्हणजे पुढें काय झालें हें कळल्याशिवाय चैन पडत नाहीं. रोज एक प्रकरण वाचलें तरी पावसाळा सुखानें जातो. बापानें बादशाही चाकरी इमानानें करावी आणि मुलाचें मन स्वराज्याकडे ओढावें, असा घरांतलाच झगडा तिच्यांत आहे. ज्या घरांत बाप आणि मुलगा दोन वाटांनीं जाऊं पाहतात, त्या प्रत्येक घराला ती आपली वाटेल.

नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांची हकीकत त्यांच्या कादंबऱ्यांइतकीच ऐकण्यासारखी आहे. सिंहगडच्या कड्यावरून पडून हा मनुष्य कमरेपासून लुळा झाला. अंथरुणाला खिळलेल्या या माणसानें घोड्यांच्या दौडी आणि गडांचे वेढे लिहिले. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट' अशी त्यांची माळ आहे. भाषा सोपी आणि गोष्ट वेगवान. कॉलेजांतले विद्वान त्यांस फारसे मोजीत नाहींत, पण ज्या घरांत दुसरें पुस्तक कधीं गेलें नाहीं त्या घरांत नाथमाधव गेले, ही गोष्ट विद्वानांच्या मापांत बसत नसली तरी लहान नाहीं.

गो. नी. दांडेकर यांनीं शिवकालावर पांच कादंबऱ्या लिहिल्या : 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा'. हे गृहस्थ गडकिल्ले पायीं तुडविलेले होते. त्यामुळें त्यांच्या पुस्तकांत पाऊलवाट, पाण्याचें टाकें, जंगल, माणसांचें खेड्यांतलें बोलणें हें सर्व डोळ्यांनीं पाहिल्यासारखें येतें. दरबारच्या झगमगाटाचा ज्यांस कंटाळा आला असेल त्यांनीं हीं पुस्तकें मुद्दाम वाचावींत.

विश्वास पाटील यांची 'पानिपत' १९८८ सालीं निघाली. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई सर्वांस नांवानें ठाऊक आहे. पण ही कादंबरी वाचतांना शेतकऱ्याला एक गोष्ट चटकन् कळते कीं मराठ्यांचा घात पुष्कळसा भुकेनें केला. रसद तुटली, चारा संपला, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांचीं तोंडें खायला होतींच. ज्यानें दुष्काळांत दावणीची गुरें छावणीवर नेलीं आहेत, त्याला हें समजावून सांगावें लागत नाहीं. त्याच लढाईंत तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांच्या बाजूनें शेवटपर्यंत उभा राहिला आणि पकडला जाऊन मारला गेला. ज्या कोणास असें वाटतें कीं या लढाया म्हणजे एका धर्माचे सर्व लोक इकडे आणि दुसऱ्या धर्माचे सर्व लोक तिकडे, त्यानें या एका माणसाचा विचार करावा.

ना. सं. इनामदार यांची 'झुंज' ही यशवंतराव होळकरांवरची कादंबरी १९६६ ची. धनगराच्या कुळांतला हा पुरुष. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ हडपसरला त्यानें शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशीं तह करून बसला. पुढें १८०४ त यशवंतरावानें मॉन्सनच्या फौजेची अशी दाणादाण उडविली कीं इंग्रजांनीं ती कधीं विसरली नाहीं. शेवटच्या वर्षांत भानपुऱ्यास त्यानें तोफा ओतण्याचा कारखाना घातला. राजा असून भट्टीच्या धगीपाशीं तो स्वतः राबत असे. १८११ त तो तेथेंच वारला. हें वाचलें तेव्हां आमचे वडील हयात नव्हते. असते तर त्यांच्या प्रश्नाचें थोडेंसें उत्तर आम्हीं त्यांस दिलें असतें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे येऊं. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण लढायांच्या गोष्टींत त्याचें नांव फार आधींपासून आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्हीं ऐकली असेल. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं मोंगलांची ही भरलेली पेठ लुटली. परततांना संगमनेरच्या बाजूस मोंगलांनीं गांठलें, शिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकानें आडवाटेनें फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेली. हें महाराजांच्या अखेरच्या मोहिमांपैकीं एक. बहिर्जीविषयीं जुन्या कागदांत फारच थोडें आहे. त्या चार ओळींवरून कादंबरीकारांनीं त्याला घराघरांत नेलें, हा त्यांचा उपकार आहे. पण याच प्रसंगीं दुसरीही गोष्ट मनांत आणा. कादंबरी वाचतांना आपण स्वारांबरोबर घोड्यावर बसलेले असतों. जालन्यांतले त्या वेळचे तेली, कोष्टी, सोनार मात्र त्या दिवशीं पेठेंत होते. स्वारी कोणाचीही असो, तिच्या वाटेवर कोणाचें तरी घर असतें. महाराजांनीं स्वतःच्या माणसांना रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याची ताकीद दिली होती. तिची थोरवी कळावयाची असेल तर इतर फौजा काय करीत तें माहीत पाहिजे.

आणि आतां असई. ही लढाई तर आपल्या अंगणांत झाली. भोकरदन-जाफ्राबादच्या बाजूस केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या रानांत, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला कंपनीचा सेनापति आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व ज्यानें १८१५ त वाटर्लूस नेपोलियनचा पाडाव केला. म्हातारपणींही वेलिंग्टन आपल्या लढायांत असईचें नांव सर्वांत वर घेत असे. ज्या रानांत आज कपाशी आणि मका उभा आहे, त्या रानाचा हा लौकिक आहे.

लढाईच्या दोन दिवस आधीं बदनापुरास वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांचें ठरलें कीं दोन वाटांनीं जाऊन भोकरदनजवळ एकत्र व्हावें. पण वेलस्लीला मराठ्यांची फौज अपेक्षेपेक्षां जवळ सांपडली. त्याच्यापाशीं सुमारें साडेनऊ हजार माणसें, समोर त्याच्या कितीतरी पट. नदीला उतार नाहीं असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु वेलस्लीनें दुर्बिणींतून दोन कांठांवर समोरासमोर दोन गांवें पाहिलीं आणि म्हणाला कीं जेथें अशीं दोन गांवें आहेत तेथें माणसांच्या जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. ती होतीच. हें शहाणपण खेड्यांतल्या कोणत्याही पोराला आहे. आपल्या सरदारांपैकीं कोणीं तेवढ्या उतारावर चौकी ठेवली असती, तर पुढचा इतिहास कसा झाला असता कोण जाणे!

शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य पोलमन नांवाचा हॅनोवरचा मनुष्य होता. त्यानें घाईंत सबंध फळी वळवून नव्या बाजूला तोंड केलें, आणि तें काम चोख झालें. शंभराच्या आसपास तोफांनीं असा भडिमार केला कीं गोऱ्यांची ७४ वी पलटण असईच्या गांवकुसापुढें जवळजवळ नाहींशी झाली. कंपनीचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ झाले. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहींत. संगिनी अंगावर आल्या तरी ते तोफेपाशींच पडले. कित्येक मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले, आणि शत्रूची फळी पुढें निघून जातांच उठून त्यांनीं तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा केला. शेवटीं घोडदळाच्या हल्ल्यांत ते मारले गेले. या गदारोळांत शिंद्या-भोसल्यांच्या अफाट घोडदळाचा मोठा भाग नुसता पाहत राहिला. ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या, आणि त्या किती उत्तम ओतलेल्या होत्या हें वेलस्लीनें स्वतः लिहून ठेवलें आहे.

पाहा मंडळी, सरदार निघून गेले, घोडेस्वार बाजूला राहिले, आणि जागा धरून राहिले ते तोफा ओढणारे, भरणारे, डागणारे. त्यांच्यांतल्या एकाचेंही नांव आपल्याला ठाऊक नाहीं. कंपनीच्या बाजूनेंही पुष्कळसे शिपाई मद्रासकडचे आपलेच गरीब लोक होते. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर असईचा हत्ती आजही आहे.

या लढाईवर जगभर वाचली जाणारी कादंबरी आहे, हें येथें बसलेल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची 'शार्प्स ट्रायम्फ', १९९८ ची. तिचा नायक रिचर्ड शार्प हा लंडनच्या गल्लींतला बेवारशी पोर. फौजेंत साधा शिपाई म्हणून भरती झालेला. असईंत तो वेलस्लीचा जीव वाचवितो आणि त्याला अंमलदारी मिळते. वेलस्लीचा घोडा त्या दिवशीं खरोखर ठार झाला होता, पण शार्प हा लेखकानें निर्माण केलेला आहे. कथेंतला खलपुरुष डॉड हा कंपनीचा पळालेला अंमलदार. एका गरीब सोनाराला मरेस्तोवर मारविल्याचा गुन्हा त्याच्या माथीं आहे. तो शिंद्यांच्या फौजेंत येतो. पुस्तकांत अहमदनगरचा वेढा आहे, पोलमन आहे, आपल्या नद्या आहेत, असईचें गांवकूस आहे. गोष्ट अशी वेगानें धांवते कीं एकदां धरलेलें पुस्तक खालीं ठेववत नाहीं. त्याच्या पुढचा भाग गाविलगडच्या वेढ्यावर, आणि आधींचा श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या पाडावावर आहे.

आम्हीं ही कादंबरी एका कॉलेजांत शिकणाऱ्या मुलाकडून चार रात्रीं ओट्यावर मराठींत सांगवून घेतली. मंडळी तल्लीन झाली. चौथ्या रात्रीं एका दहा वर्षांच्या पोरीनें विचारलें, "काका, त्यांच्या गरिबाचा पोर नायक झाला, मग आपल्या गरिबाचा पोर त्या तोफेपाशीं होता त्याची गोष्ट कोठें आहे?" आम्हांस वडिलांची आठवण झाली. तिला द्यावयास आमच्यापाशीं पुस्तक नव्हतें.

कॉर्नवेलवर आम्ही रागावत नाहीं. त्यानें आपल्या देशांतल्या तळच्या माणसाला वर आणलें, हें त्यानें चांगलेंच केलें. दोष द्यावयाचाच तर तो आपल्याकडे येतो. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत राजा येतो, सरदार येतो, राणी येते. मावळा येतो तो बहुधा मुजरा करायला किंवा मरायला. तोफ ओतणारा, नाल ठोकणारा, खोगीर शिवणारा चांभार, गडाचा तट बांधणारा पाथरवट, वेशीवर पहारा करणारा महार-रामोशी, हे येतात आणि दोन ओळींत निघून जातात. दुसऱ्या देशांत हें झालेलें आहे. रशियाचा टॉलस्टॉय स्वतः मोठा जमीनदार. पण त्याच्या 'युद्ध आणि शांति' या पुस्तकांत एक तुशिन नांवाचा तोफखान्याचा लहानसा अंमलदार आहे. बेंगरूळ, बोलतांना अडखळणारा. सगळे मागें हटले तरी तो आपल्या चार तोफा घेऊन लढत राहतो, आणि संध्याकाळीं वरिष्ठ त्यालाच विचारतात कीं तोफा कां गमावल्यास! तें प्रकरण वाचतांना आम्हांस असईचेच गोलंदाज दिसले.

आणखी एक. असईच्या धांदलींत आणि तिच्यापुढच्या वर्षांत दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला. फौजांनीं शेतें तुडविलीं, पेंढाऱ्यांनीं धान्य नेलें, आणि १८०३-०४ त माणसें अन्नावांचून मेलीं. २९ नोव्हेंबरला अडगांवची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, महिनाअखेर शिंद्यांनीं सुर्जी अंजनगांवचा तह केला. या तारखा पुस्तकांत सांपडतात. कोणत्या गांवांत त्या वर्षीं चूल पेटली नाहीं, हें सांपडत नाहीं. साहसाची कादंबरी तुम्हांस आनंद देते, तो आनंद घ्या. पण ज्या पानावर फौज धांवत जाते, त्या पानावर उभ्या पिकाचें काय झालें हें स्वतःशीं विचारीत जा.

आतां वाचावें कसें याविषयीं चार शब्द. पहिली गोष्ट, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. जें वाचलें तें खरें कीं रचलेलें, हें विचारावयाची संवय ठेवा. महाराजांचें चरित्र पाहिजे तर कृष्णराव अर्जुन केळुसकरांचें १९०७ सालचें पुस्तक पाहा, आणि जोतीरावांचा १८६९ चा पोवाडाही वाचा. दुसरी गोष्ट, एकट्यानें वाचूं नका, मोठ्यानें वाचा. घरांत एकाला जरी वाचतां येत असलें तरी सगळ्या घराची कादंबरी होते. स्वयंपाकघरांतल्या आयाबहिणींना ऐकूं जाईल अशा जागीं बसून वाचा. आमचा अनुभव असा कीं गोष्टींतली लबाडी त्यांना आधीं कळते. तिसरी गोष्ट, पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसली तर लाजूं नका. १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदानाची सोय झालेली आहे. गांवचें वाचनालय लहान वर्गाचें असलें तरी तें तुमचेंच आहे. त्याच्या कपाटाला कुलूप असलें तर तें उघडा म्हणून हक्कानें सांगा. पुस्तक मळलें तर मळूं द्या. कोरें पुस्तक म्हणजे न चाललेला फाळ, गंजावयाचाच. चौथी गोष्ट, कादंबरींतल्या रागानें शेजाऱ्याकडे पाहूं नका. तीनशें वर्षांपूर्वींच्या सरदाराचें वैर आज आपल्याच बांधावरच्या माणसाशीं धरणारा मनुष्य इतिहासही वाचीत नाहीं आणि कादंबरीही वाचीत नाहीं. तो नुसता भडकतो.

आमच्या वाटेंत भेटलेल्या स्नेह्यांनीं विचारलें होतें कीं आपल्याला गोष्टी कशाला? त्यांस आमचें उत्तर हें कीं ज्याची गोष्ट कोणी सांगत नाहीं, त्याची मेहनतही कोणी मोजीत नाहीं. असईचे गोलंदाज आपली जागा धरून मेले, आणि त्यांची आठवण शत्रूच्या पत्रांत राहिली, आपल्या घरांत राहिली नाहीं. म्हणून आम्ही येथल्या शिकलेल्या मुलामुलींना सांगतों कीं आधीं या कादंबऱ्या भरपूर वाचा. भाषा कशी चालते, प्रसंग कसा उभा राहतो, हें त्यांतून उचला. मग असईच्या रानांत जा, केळनेचा उतार पाहा, आणि तोफेपाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनें ती लढाई मराठींत लिहा. त्याची भाषा तुम्हांला येते, त्याची भूक तुम्हांला ठाऊक आहे, त्याचें काम तुमच्या हातांनीं अजून सोडलेलें नाहीं. लंडनच्या लेखकाला जें परक्या कागदांवरून जुळवावें लागलें, त्यांतलें पुष्कळ तुमच्या घरांत आहे.

त्या दहा वर्षांच्या पोरीला आम्हीं सांगितलें आहे कीं ती गोष्ट अजून लिहावयाची आहे. तिनें ती वही घालून ठेवली आहे. तूर्त येत्या शनिवारीं दिवेलागणीनंतर याच ओट्यावर 'उषःकाल' वाचावयास आरंभ होईल. सर्वांनीं यावें, येतांना शेजाऱ्यास आणावें. इतकें बोलून आम्ही तुमची रजा घेतों.